गजभिये मॅडम आणि ढेपेचा वायदा

दारव्ह्यात ढेपेचे सगळ्यात मोठे सौदे करणाऱ्या बाईंकडे एकही म्हैस नव्हती. म्हैस सोडा, शेळीही नव्हती. दारात एक मांजर येऊन बसायचं, तेही शेजाऱ्यांचं.

ढेप म्हणजे सरकीतलं तेल काढून घेतल्यावर उरणारा चोथा. दुभत्या जनावरांना तो घालतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस होतो, म्हणून सरकी होते, म्हणून ढेप होते, आणि तिचा किंचित खवट, किंचित गोडसर वास ज्याच्या नाकात बसलेला नाही तो माणूस इथला नव्हे. गजभिये मॅडम ही ढेप टनांच्या हिशेबानं घ्यायच्या आणि टनांच्याच हिशेबानं विकायच्या, पण त्यातलं घमेलंभरसुद्धा त्यांच्या ओसरीवर कधी उतरलं नाही. सगळा व्यवहार संगणकाच्या पडद्यावर. दोन महिन्यांनी अमुक भावानं घेईन, किंवा देईन, असं आज बोलून ठेवायचं. मधल्या काळात भाव हलला की फरकाचा नफा घ्यायचा नाही तर तोटा सोसायचा. याला वायदा म्हणतात. शेजारच्या काकू याला सट्टा म्हणत. मॅडम दोन्ही शब्दांना हरकत घेत नसत.

त्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. मी नोकरीला लागलो तेव्हा स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती, आणि ती त्यांची आहे हे कुणाला सांगायची गरज पडत नसे. बारीक, सावळ्या, ठेंगण्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. पायात पुरुषी चामडी चपला, कारण बायकांच्या चपला “चालासाठी नाही, फोटोसाठी बनवते लोक” असं त्यांचं मत होतं. लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण विचारायचं धाडस फक्त एका नव्या शिपायानं केलं होतं, आणि त्याला त्यांनी नकाशाची गुंडाळी भिंतीवर नीट टांगायला सांगितलं होतं.

आठवीच्या वर्गात पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या प्रत्येकाला मूठभर चिंचोके देत. सोमवारी फळ्यावर प्रश्न लिहायचा: शुक्रवारपर्यंत पाऊस येणार का? ज्याला जे वाटेल त्यावर त्यानं हवे तेवढे चिंचोके लावायचे. मात्र कारण सांगायचं. ‘मले वाटते’ हे कारण चालत नसे. मुंग्या, वारा, ढगांचा रंग, आजोबांचा गुडघा, काहीही चाले. बरोबर आलं तर दुप्पट, चुकलं तर गेले. एखादा पोट्टा पहिल्याच आठवड्यात सगळे चिंचोके लावून मोकळा होई आणि मग पावसाळाभर दुसऱ्यांचा खेळ पाहत बसे. त्याला नवे मिळत नसत. एकदा एकाचा बाप शाळेत आला, पोतंभर चिंचोके घेऊन. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि पोतं परत नेऊ दिलं.

आमच्या मुख्याध्यापकांना सत्कार, फीत आणि माइक या तीन गोष्टींशिवाय करमत नसे. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते वर्गातच आले.

“मॅडम, शाळेत सट्टा?”

“सर, याइचे बाप दर मिरगाले हेच करते. फक्त चिंचोक्यावर करत नाही.”

“पण हे अभ्यासक्रमात आहे काय?”

“पाऊस आहे नं.”

मुख्याध्यापकांनी फळ्यावरचा प्रश्न वाचला. जाताना त्यांनी मागच्या बाकावरच्या पोराला हळूच विचारलं, की शुक्रवारपर्यंत येईल असं बहुमत आहे की नाही. त्यांची स्वतःची पेरणी राहिली होती.

जोखमीचं हे प्रेम त्यांच्यात कुठून आलं, याबद्दल मॅडमचं स्वतःचं एक उत्तर होतं. त्यांच्या वडिलांनी गावातल्या इतरांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर घरातले जुने देव नदीत सोडले. आजी रडली, गावाचं काम सुटलं, त्याबरोबर सुगीला मिळणारं धान्यही सुटलं. “आमच्या घरातला पहिला मोठा सौदा तो,” मॅडम म्हणत. “पुढं काय भेटणार ते बाबाले माहीत नोतं. पण जिथं बसलो तिथून उतराचं, हे पक्कं होतं. लोक उलटं करते. चढाची घाई, उतराचं काही ठरलंच नाही.”

चढणं-उतरणं हे त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं, कारण त्यांचं निम्मं आयुष्य सवारी जीपमध्ये गेलं होतं. दारव्ह्याच्या चौकातून आर्णीकडे, यवतमाळकडे जाणाऱ्या त्या जीपांत माणसं कशी बसवतात हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. ड्रायव्हर स्वतः दाराबाहेर अर्धा लटकलेला असे. मॅडम मात्र पुढच्या सीटवर, खिडकीशी. आणि बसण्याआधी ड्रायव्हरला उतरायची जागा सांगायच्या. नुसतं गावाचं नाव नाही, तर कोणतं झाड, रस्त्याखालची कोणती मोरी. वायद्यातही त्यांचा हाच नियम होता. घेण्याआधी ठरवायचं: इतका नफा झाला की बाहेर, इतका तोटा झाला की बाहेर. आणि ठरलेल्या जागी खरंच उतरायचं, पुढची मोरी कितीही चांगली दिसत असली तरी.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी दारव्ह्यात वायद्याचं ऑफिस उघडलं. कापसाचे दिवस वाईट होते. सरकारी खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागे आणि चुकारे कधी मिळतील ते कुणी सांगत नसे. अशा वेळी कुणीतरी काचेचं दार आणि थंड हवेचं यंत्र घेऊन गावात आलं, की गावाला तो शुभशकुन वाटतो. उद्घाटनाला नागपूरहून एक पाहुणे आले होते. उन्हाळ्यात त्यांनी कोट आणि टाय घातला होता, म्हणून त्यांच्याबद्दल आधीच सहानुभूती तयार झाली होती. मुख्याध्यापकांनी फीत कापली. पाहुण्यांनी सांगितलं की शेतकरी आता जगाशी जोडला गेला आहे, जोखीम हीच संधी आहे, आणि भविष्य आपल्या बोटाच्या टोकावर आहे. टाळ्या झाल्या.

मॅडम उठल्या. “साहेब, सौदा उलटा गेला तर उतराचं कुठं, ते तुमचे लोक शिकवतीन का?”

पाहुणे हसले. “ताई, आज शुभ दिवस आहे. उतरण्याचं कशाला बोलायचं?”

मॅडम खाली बसल्या. सभेतल्या सुज्ञ लोकांनी, म्हणजे आम्ही, एकमेकांकडे पाहिलं: बाईंनी बरोबर पकडलं, हे सगळं थोतांड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेचं दार उघडायच्या आधीच मॅडम पायरीवर बसलेल्या होत्या. त्या ऑफिसच्या पहिल्या गिऱ्हाईक त्याच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “जीप चांगली आहे, सर. ड्रायव्हरले रस्ता माहीत नाही, एवढंच.”

मॅडमनी निवडली ती ढेप. सोन्यात, चांदीत त्यांना रस नव्हता. ‘जे मले हातात धरता येत नाही, त्याचा भाव मी काय सांगू’ असं म्हणत. पर्समध्ये कागदात गुंडाळलेला ढेपेचा तुकडा कायम असायचा. तो नखानं फोडून बघायच्या, हुंगायच्या, परत ठेवायच्या. त्यामुळे बाजारात गायी त्यांच्या पर्सच्या मागे लागत, आणि मॅडम छत्रीनं त्यांना बाजूला करत करत भाव विचारत फिरत. दर आठवड्याला घाटंजीच्या बाजाराला जायच्या. तिथं ढेपेचं दुकान सगळ्यात शेवटी. आधी गुरांचा बाजार. कोण जनावर विकतंय, कोण घेतंय, विकणारा चारा संपला म्हणून विकतोय की लग्न आहे म्हणून, हे ऐकत उभ्या राहायच्या. मग चहाच्या टपरीवर दूध किती पातळ झालंय ते. मग सरकीच्या गाड्या. मग ढेप. परत आल्यावर ऑफिस चालवणाऱ्या पंकजला सौदा सांगायच्या. तो सांगे, की मॅडमचे निम्म्याहून जास्त सौदे तोट्यात जातात. पण तोटे लहान असत आणि नफे मोठे. पंकजला हे मोठं गूढ वाटे. त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांचं अगदी उलटं होतं.

हे गूढ उकलायचं आमच्या राठोड सरांनी मनावर घेतलं. राठोड सर पीटी शिकवत. दिग्रस रोडवरच्या तांड्यातले, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. त्यांचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, हे ते अभिमानानं सांगत, तेव्हा मॅडम म्हणत, “त्याइनं माल वाह्यला, सर. तुमी नुसता भाव वाहून राह्यले.” राठोड सरांनी मॅडमवर पाळत ठेवून एक शास्त्र तयार केलं. मॅडम घाटंजीहून वांगी घेऊन आल्या की तेजी. रिकाम्या हातानं आल्या की मंदी. शास्त्र अगदीच वेडगळ नव्हतं, कारण मॅडमचं मन प्रसन्न असलं की त्यांना भरली वांगी आठवत. बघता बघता पिशवीकडे पाहून सौदे करणारे लोक वाढले. पोस्टातले एक, दवाखान्यातले एक, दोन किराणा दुकानदार. एका हंगामात मॅडम वांगी घेऊन आल्या, सगळे चढले, भाव वाढला, सगळ्यांनी एकमेकांना पेढे दिले. मग भाव पडला. मॅडम आधीच्या आठवड्यात उतरल्या होत्या. बाकीचे बसून राहिले, पार खाली पोचेपर्यंत.

राठोड सर तणतणत त्यांच्या ओसरीवर आले. मी तिथं चहा पीत होतो.

“मॅडम, तुमी उतरल्या, तवा सांगतलं काहून नाही?”

“तुमी चढले, तवा इचारलं होतं का?”

“वांगे आणले होते नं तुमी.”

“वांगे स्वस्त होते, सर.”

राठोड सर खाली बसले. मॅडमनी त्यांना चहा दिला. हसल्या नाहीत, उपदेशही केला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ओसरीच्या खांबाला एक पाटी टांगलेली दिसली, शाळेतली जुनी दगडी. तिच्यावर खडूनं दोन ओळी. ‘आत’ आणि पुढे भाव. ‘बाहेर’ आणि पुढे दोन भाव, एक वरचा, एक खालचा. रस्त्यावरून कुणालाही वाचता येईल अशी. पुढची काही वर्षं दारव्ह्यातले लोक सकाळी पेपर घ्यायला निघाले की आधी ती पाटी वाचत. गंमत म्हणजे, उतरायची जागा डोळ्यांसमोर लिहिलेली असूनही बहुतेकांना तिथं उतरणं जमलं नाही. थोडं आणखी पुढे, असं म्हणत ते जात आणि मग दिसत नसत. पण आता मॅडमना बोल लावायची सोय राहिली नाही.

आता त्या कापसाच्या सौद्याकडे येतो.

आर्णी रोडवर मॅडमचं गाव. तिथं धाकटा भाऊ देविदास शेती करी. एका वर्षी दसऱ्याच्या आसपास कापसाच्या वायद्यात पुढच्या महिन्यांचा भाव चांगला दिसत होता. मॅडम गावी गेल्या आणि देविदासच्या अंगणात त्याला आणि आजूबाजूच्या चार-सहा घरांना बसवून बोलल्या. पुढचं मला देविदासनंच सांगितलं.

“आज जो भाव दिसते, त्यात तुमचा खर्च निघते अन् वर्ष निघते,” मॅडम म्हणाल्या. “मी या भावानं वायद्यात इकून ठेवते. पैसे मी भरते. तुमचा कापूस निघाल्यावर भाव पडला, तर मले वायद्यात फायदा होईन. तो तुमचा. भाव वाढला, तर मले तोटा होईन. पण तवा तुमी बाजारात जास्तीचं घेसान. ते जास्तीचं मले आणून द्याचं.”

देविदासनं बराच विचार केला. “म्हंजे भाव वाढला तरी आपल्याले फायदा नाही?”

“नाही. अन् पडला तरी तोटा नाही.”

“हे तर लयच बिनमजेचं झालं, ताई.”

“हाव. झोप लागते, एवढीच मजा.”

एकानं विचारलं, कागद करायचा का. मॅडम म्हणाल्या, “कागद करून कोणत्या कोर्टात जाऊ? माह्याच भावावर?” सगळे हसले आणि कबूल झाले. त्यात शेवटच्या घरचा उत्तमही होता.

भाव वाढायला लागला. दिवाळीला वाढला, दिवाळीनंतर जास्त वाढला. वायद्यात सौदा उलटा गेला की फरक रोजच्या रोज भरावा लागतो; त्याला थांबा म्हणता येत नाही. पंकज रोज दुपारी ओसरीवर येऊन अपराधी चेहऱ्यानं उभा राही. “मॅडम, आज पण भरा लागते.” मॅडम आत जात, चेकबुक घेऊन येत. आधी ढेपेत कमावलेलं गेलं. मग निवृत्तीची ठेव मोडली. पाटीवर त्या सौद्यापुढे ‘बाहेर’च्या ओळीत भाव नव्हताच. तिथं लिहिलं होतं: कापूस घरी आल्यावर.

गावानं ठरवलं की बाईंचं डोकं फिरलं. ज्या बाईनं सगळ्यांना उतरायला शिकवलं, ती स्वतः बसून राहिली. लोकांना याचं दुःख झालं असं म्हणता येणार नाही. राठोड सरांना मात्र खरंच झालं. ते रोज पाटीसमोर उभे राहून मोठ्यानं म्हणत, “मॅडम, उतरा नं आता.”

मीही एकदा विचारलं. मॅडम पदरानं चष्मा पुसत होत्या.

“सर, हा सौदा माझा नाही. माझा असता तर कवाच उतरली असती. जीपमधी दुसऱ्याचं सामान ठेवलं आहे, अन् तो चढलाच नाही अजून. त्याचं सामान सोडून कशी उतरू?”

“आणि तो आलाच नाही तर? भाव वाढला आहे. जास्तीचे पैसे त्यांच्या हातात पडतील. त्यांनी आणून दिले नाहीत तर?”

“तेच तर पाहाचं आहे,” त्या म्हणाल्या. “कापसाची जोखीम मी घेतलीच नाही, सर. माणसाची घेतली. आधी कधी घेतली नोती.”

असं म्हणून त्या हसल्या, पण चष्मा पुसत राहिल्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

संक्रांतीच्या सुमारास गावातला कापूस विकला गेला, चांगल्या भावानं. मॅडम सौद्यातून बाहेर पडल्या. आता त्यांच्याजवळ पेन्शन होती, पाटी होती, आणि अंगणातला एक शब्द. त्यांनी गावी निरोप पाठवला नाही. फोनही केला नाही. गावात काय चाललं होतं ते मागाहून कळलं. बायका म्हणत होत्या, तिनं जुगार खेळला, आपण काहून भराचं? एकजण म्हणाला, बाईले पेन्शन आहे, तिले काय कमी? देविदासच्या बायकोनं म्हणे त्याला विचारलं, की भाव पडला असता तर ताईनं दिले असते का. देविदास म्हणाला, “दिले असते.” ती म्हणाली, “मग चाला.”

आर्णीची जीप चौकात न थांबता थेट मॅडमच्या दारासमोर थांबली. देविदास उतरला, त्याच्यामागे बाकीचे. ओसरीवर जागा पुरेना. मॅडमनी आधी चहा ठेवला, मग पाटी पुसून एकेकाचा हिशेब मांडला. एकाला थोडे परत दिले; तो जास्तीचे घेऊन आला होता. “तुले गणित मीच शिकवलं असतं तर असं झालं नसतं,” त्याला म्हणाल्या. या बाई हळव्या होतील अशा अपेक्षेनं कोपऱ्यात उभ्या असलेल्या राठोड सरांची निराशा झाली. शेवटी ते स्वतःच नाक पुसत बाहेर गेले.

एक घर आलं नव्हतं. देविदासनं खाली पाहिलं. मॅडमनी विचारलं नाही. राठोड सरांनी मात्र नंतर विचारलं, “कोण नाही आला?”

“असन कोणी. जीप चुकली असन त्याची.”

पुढच्या दसऱ्याला मॅडमनी पुन्हा तोच सौदा मांडला. या वेळी उत्तमनं देविदासच्या हाती निरोप पाठवला, की माझाही कापूस धरा. मॅडमनी उलट निरोप पाठवला: या साली जागा नाही. आणि त्या वर्षी कापसाचा भाव असा कोसळला, की व्यापारी बाजारात गाडी दिसली की तोंड फिरवत. मॅडमना वायद्यात झालेला फायदा होळीला गावी पोचला, ज्याच्या त्याच्या हातात. आजूबाजूच्या गावांत त्या वर्षी काय काय झालं ते पेपरात येत होतं. त्या चार-सहा घरांबद्दल काही आलं नाही. न आलेल्या बातमीचा सत्कार कुणी करत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनाही ते सुचलं नाही.

उत्तमचा कापूस मात्र पडलेल्या भावातच गेला. मला ते कठोर वाटलं, आणि मी तसं बोललो.

“आठवीच्या पोट्ट्याइले मी दुसऱ्यांदा चिंचोके देत होती का?” मॅडम म्हणाल्या. पण त्यांचं स्वतःचंही त्या उत्तरानं समाधान झालं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

होळीनंतर एक नवी गोष्ट सुरू झाली. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी आर्णीच्या जीपचा ड्रायव्हर मॅडमच्या दारात ॲल्युमिनियमचा एक डबा ठेवून जाई. आत म्हशीचं दूध, घट्ट, सायीचं. कुणी पाठवलं ते ड्रायव्हर सांगत नसे. राठोड सरांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला दोन वेळा भजी खाऊ घातली आणि छडा लावला. शेवटच्या घरचा उत्तम. ज्या वर्षी भाव वाढला, त्या वर्षीच्या जास्तीच्या पैशांतून त्यानं म्हैस घेतली होती. म्हणजे मॅडमच्याच पैशांतून.

“मॅडम, हा लाच देऊन राह्यला,” राठोड सर म्हणाले. “येत्या दसऱ्याले जागा पाह्यजे त्याले.”

“असन.”

“नाहीतर लाजला असन लेकाचा,” सरांनी लगेच दुसरी बाजू घेतली.

“ते पण असन.”

“मग घेता कायले?”

“दूध नासते, सर. वापस पाठवलं तर त्यात म्हशीचा काय गुन्हा?” मॅडमनी आमच्या पुढे चहा ठेवला. तो त्याच दुधाचा होता. “पण ढेप चांगली घालून राह्यला तो. चवीत समजते.”

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर डाळ, अंगणातलं लिंबू, काहीतरी घालून देतात. मॅडम तो डबा लख्ख घासायच्या, पुसायच्या आणि ड्रायव्हरच्या हाती रिकामा द्यायच्या. दर वेळी. याचा अर्थ न कळणारं घर आमच्या मुलखात नाही. ड्रायव्हरलाही तो डबा नेताना अवघड होई. एकदा त्यानं वाटेत स्वतःच्या पैशांनी त्यात शेंगदाणे घातले. पुढच्या खेपेला दुधाबरोबर ते शेंगदाणे पुडीत बांधून परत आले. उत्तमला रिकामा डबाच हवा होता, किंवा त्या बाईंच्या हातचा भरलेला. मधलं काही नको होतं. ते ऐकून मॅडमनी दूध पातेल्यात ओतलं. मग म्हणाल्या, “बुद्धी आहे त्याले.”

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दूध येत राहिलं, डबा रिकामा जात राहिला. मी मनातल्या मनात त्याला चिकाटी म्हणत होतो. कोणाची चिकाटी, ते ठरत नव्हतं.

त्या वर्षी संस्थेनं माझी बदली घाटंजीच्या शाळेत केली. पुढे मॅडम गावी भावाकडे राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या, हे राठोड सरांच्या फोनवरून कळलं. काचेच्या दाराच्या ऑफिसात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पाटी राठोड सरांनी मागून घेतली. त्यांच्या अंगणात ती आहे, कोरी.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते दसऱ्याच्या चार-दोन दिवस आधी. घाटंजीच्या गाडीची वाट पाहत मी चौकात उभा होतो. आर्णीची जीप भरत होती. मॅडम नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर, खिडकीशी. छत्री पायाशी, पर्स काखेत, आणि मांडीवर तो ॲल्युमिनियमचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. एक गाय पर्सचा वास घेत खिडकीपर्यंत आली होती.

“मॅडम, आज कुठं उतराचं? देविदासभाऊच्या दाराशी का?” ड्रायव्हरनं विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “शेवटच्या घराशी.”

ड्रायव्हर वळून त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं गाडी सुरू केली. चौकातल्या खड्ड्यात जीपनं गचका खाल्ला आणि डब्यात काहीतरी खडखडलं. साखरेचा आवाज असा येत नाही, डाळीचाही नाही. आठवीच्या वर्गाशेजारी मी बरीच वर्षं शिकवलं आहे. दर सोमवारी भिंतीपलीकडून हाच आवाज यायचा.